घाटासाठी घेतलेला मॅनिफोल्ड

ताई गेल्यानंतर भावोजी पहिल्यांदा सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत आईसाठी एक शाल होती, माझ्यासाठी पान्यांचा संच होता आणि तीन परदेशी कॅटलॉग होते. दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी ते कॅटलॉग पडवीत चटईवर मांडले. गाडीच्या इंजिनाचा मॅनिफोल्ड बदलायचा आहे, म्हणाले, यातला कुठला घ्यावा ते आपण दोघांनी मिळून ठरवू. आत आई भांडी आवरत होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग मागचं दार वाजलं. ती विहिरीकडे निघून गेली होती.

ती गाडी ते विकून टाकतील अशी आमची समजूत होती. ते बोटीवर असताना ती आमच्या जामसंड्याच्या घराशेजारच्या मांगरात, म्हणजे सामानसुमान ठेवायच्या खोपटात, ताडपत्रीखाली उभी असायची. आई देवळात गेलेली असेल अशा वेळी मी बॅटरी जोडून इंजिन थोडं फिरवून ठेवत असे. तो आवाज आईला सहन होत नव्हता आणि ती तसं कधी म्हणतही नव्हती.

भावोजी एका परदेशी कंपनीच्या मालवाहू बोटीवर इंजिनिअर होते. त्यांचं घर खाडीपलीकडच्या गावात. तिथवर बैलगाडीसुद्धा मोठ्या कष्टानं जायची, म्हणून गाडी पहिल्यापासून आमच्याकडे. मी देवगड बंदरावर लाँचींची डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो. वडील मी शाळेत असतानाच वारले होते. घरात आई आणि मी. ताईचं लग्न झालं तेव्हा घर रिकामं होणार म्हणून मी धास्तावलो होतो, पण झालं उलटंच. भावोजी सुट्टीवर आले की दोघंही अर्धा वेळ आमच्याकडे असायची, आणि त्याला कारण ती गाडी.

पोर्तुगीज अमदानीत मडगावच्या एका घराण्यानं ती मागवली होती. दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. जमिनीला इतकी लागून की आत बसलेल्या माणसाचं डोकं उभ्या माणसाच्या कमरेशी यायचं. पोर्तुगीज गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ते कुटुंब कायमचं लिस्बनला जायला निघालं, तेव्हा भावोजींनी ती घेतली आणि ताईला शेजारी बसवून बांद्यावरून, सावंतवाडीवरून जामसंड्यापर्यंत आणली. छत नव्हतं, पावसापुरता कॅनव्हासचा टप होता. गावातली माणसं तिला होडी म्हणत. 'होडी इली,' असं शेजारच्या काकीनं आईला सांगितलं, आणि आई बिचारी खाडीच्या दिशेनं बघायला गेली.

ताई चालवायला शिकली ती सड्यावरच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मधून सरळ रस्ता. चपला काढून, पदर कमरेला खोचून ती बसायची. भावोजी गियर कधी बदलायचा ते सांगायचे आणि ती त्यांचं ऐकायची नाही. मी सायकल घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असे. एकदा माझ्या बाजूनं जाताना तिनं दोन्ही हात सोडून मला नमस्कार केला होता. रात्री जेवताना भावोजींनी ते आईला सांगितलं आणि आई ताईला खूप बोलली. ताई खाली मान घालून भात कालवत होती आणि तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

ती गेली ते वैशाखात. पहिल्या बाळंतपणासाठी ती आमच्याकडे आली होती. आठवा महिना होता. भावोजी मुद्दाम सुट्टी मागून आले होते. दुपारी जेवून उठताना तिनं आईला हाक मारली. आई तिच्याजवळ गेली आणि लगेच बाहेर येऊन मला म्हणाली, 'डॉक्टराक हाड. धाव.'

डॉक्टर आले. रक्त थांबत नव्हतं. इथे रक्त द्यायची सोय नाही, आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्या, असं ते म्हणाले. आंब्याचा हंगाम ऐन भरात होता. देवगडातल्या जीपा आणि टॅक्स्या पेट्या घेऊन गेलेल्या. मी दोन ठिकाणी सायकलवरून जाऊन आलो. परत आलो तेव्हा भावोजींनी होडी बाहेर काढलेली होती.

गाडीत जागा दोघांचीच. ताईला पाय लांब करता यावेत म्हणून आम्ही तिची सीट मागे सरकवली, खाली गोधडी घातली, उन्हासाठी टप ओढला. आई गाडीच्या दाराला धरून उभी होती. तिला कुठे बसवणार? तिनं फिरकीच्या तांब्यात पाणी भरून ताईच्या हातात दिलं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे बघून ती म्हणाली, 'आयेक बघ रे.' आणि गाडी निघाली.

आंब्याचा एक ट्रक कोल्हापूरला चालला होता, त्यात बसून मी मागोमाग गेलो. पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. भावोजी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. ताई नव्हती आणि बाळही नव्हतं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर मला म्हणाले. आधी आणली असती तर नक्की वाचली असती का, असं मी विचारलं नाही. घाटात गाडीनं त्रास दिला एवढंच आम्हाला कळलं. कुणी खोलात शिरून विचारलं नाही आणि भावोजींनी आपणहून सांगितलं नाही. दिवसकार्य झालं आणि ते बोटीवर निघून गेले.

म्हणून ते कॅटलॉग बघून मला राग आला होता. माणूस गेलं आणि ह्यांना गाडी सजवायची आहे, असं वाटलं. पण भावोजींना मी कधी उलट बोललो नव्हतो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशी दुसरं काय बोलावं ते मला कळत नव्हतं. ताईचा विषय काढला की ते उठून मांगरात जात. इंजिनाचं बोलणं निघालं की बसून राहत. तेव्हा आम्ही इंजिनाचं बोलत राहिलो.

इंजिनाला पेट्रोल आणि हवा यांची मिसळ लागते. ती कार्बोरेटरमध्ये तयार होते आणि तिथून नळ्यांमधून सिलिंडरांपर्यंत जाते. त्या नळ्यांच्या जोडणीला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. नळ्या आखूड आणि रुंद असतील तर इंजिन जोरात फिरत असताना भरपूर हवा मिळते आणि गाडी सुसाट पळते, पण सावकाश जाताना ती मरगळते. नळ्या लांब आणि अरुंद असतील तर कमी वेगातही ओढ चांगली मिळते, पण सरळ रस्त्यावर पुढची धाव कमी पडते. आमच्या गाडीचा मूळचा मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा होता आणि जळका धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाला चिकटून बसवलेला. थंड देशात ते ठीक असेल.

तीन कॅटलॉगांत तीन प्रकार होते. पहिला अॅल्युमिनियमचा, आखूड नळ्यांचा, दोन कार्बोरेटर बसणारा. त्याच्या जाहिरातीत शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. दुसराही अॅल्युमिनियमचाच, पण लांब, बाकदार नळ्यांचा, एकाच कार्बोरेटरचा, धुराच्या पाइपापासून चांगला वेगळा राहणारा. तिसरा दोहोंच्या मधला, जुनाच कार्बोरेटर वापरायचा असलेल्यांसाठी.

मी पहिल्याच दिवशी पहिल्या कॅटलॉगवर बोट ठेवलं. स्पोर्ट्स कार आहे, ती पळण्यासाठीच घडवलेली आहे, असं माझं म्हणणं. मनात सड्यावरचा रस्ता होता. भावोजी 'बघूया' म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा कॅटलॉग उघडला आणि मला विचारलं की दुसऱ्या गियरमध्ये, सावकाश, चढावर, ह्याचा फरक किती पडेल. मी सांगितलं की पडेल, पण असा चढ रोज कोण चढतो? त्यावरही ते 'बघूया' म्हणाले. रोज दुपारी हेच. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तिथेच यायचे. पेट्रोलची नळी कुठून न्यावी. उष्णता किती चढते. बाहेर वारा नसेल आणि गाडी हळू चालली असेल तर काय होतं. मला वाटे, बोटीच्या इंजिनरूमची सवय, म्हणून ह्यांना उष्णतेची काळजी.

एका दुपारी मी जरा चिडलोच. लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड लावायचा तर मग मालवाहू टेम्पोच का घेत नाही, असं मी म्हणालो. ताईला पळवायला आवडायची गाडी, असंही म्हणालो. तिचं नाव त्या सुट्टीत आमच्यात पहिल्यांदा आलं.

भावोजी उठले नाहीत. कॅटलॉग मिटून त्यांनी बाजूला ठेवला आणि बाहेरच्या माडांकडे बघत बोलायला लागले. बोटीवर राहून त्यांचं बोलणं अर्धंअधिक शुद्ध मराठी आणि इंग्रजी झालं होतं, पण त्या दिवशी ते सगळं मालवणीतच बोलले.

फोंडाघाटचा बाजार सोडून ते चढाला लागले तोवर गाडी बरी चालली होती. घाटात पुढे आंब्याचे ट्रक. ओलांडायला जागा नाही, म्हणून त्यांच्यामागून सावकाश, दुसऱ्या गियरमध्ये. ऊन असं की बॉनेटला हात लावता येत नव्हता. एका वळणावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. ते तापलेलं लोखंड कार्बोरेटरला खालून भाजत होतं आणि पेट्रोल इंजिनात जायच्या आधीच उकळून त्याची वाफ होत होती. थंड झाल्याशिवाय चालू होणार नाही हे त्यांना कळत होतं. थांबले, फडकं ओलं करून लावलं, चालू झाली, पुढच्या चढावर परत तेच.

'कितीदा थांबली ता मी मोजूक नाय,' भावोजी म्हणाले. 'आयेन दिलेला पाणी होता. ता सगळा मी कार्बोरेटरवर वतलंय. मगे तिना पाणी मागल्यान.'

ते अजून माडांकडेच बघत होते.

'तांब्यो उपडो करून दाखवलंय तिका. तर माका म्हणता कशी, नाय तर नाय. थंड होवंदे गाडी. माका घाय नाय.'

मग ते पाणी शोधायला रस्त्याखाली उतरले. दगडांतून झिरपणारं थोडं पाणी मिळालं ते घेऊन वर आले तेव्हा ताईनं डोळे मिटले होते. श्वास चालू होता. गाडी चालू झाली आणि नंतर कुठेही न थांबता घाटमाथ्यावर गेली. कोल्हापूरपर्यंत ते तिच्याशी बोलत होते. तिनं परत डोळे उघडले नाहीत.

एवढं सांगून त्यांनी दुसरा कॅटलॉग पुन्हा उघडला आणि लांब नळ्यांच्या चित्रावर हात ठेवला.

'हो आसतो तर चढली असती?'

त्यांना काय सांगावं? नाही म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं कदाचित. पण ते माझ्याहून मोठे इंजिनिअर होते. गेलं सबंध वर्ष हा हिशेब त्यांचा बोटीवर एकट्यानं करून झालेला होता. मला ते विचारत होते ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला.

'चढली असती,' मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, 'तर मगे होच घेवया.'

त्यानंतर मी दुसऱ्या दोन कॅटलॉगांचं नाव काढलं नाही. आम्ही कागद घेऊन बसलो आणि नीट ठरवलं. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये फायबरची जाड चकती घालायची, म्हणजे उष्णता वर चढणार नाही. पेट्रोलची नळी धुराच्या पाइपापासून लांब, दुसऱ्या बाजूनं न्यायची. मधे पत्र्याची आड लावायची. मी बोलत होतो आणि ते लिहून घेत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं असं सांगतोय, जणू ताई बाहेर गाडीत बसली आहे आणि आम्हाला घाई करायला हवी. मी उठून विहिरीवर गेलो आणि तोंडावर पाणी मारून आलो.

पुढच्या सुट्टीत त्यांनी तो मॅनिफोल्ड आणला. स्वतःच्या शर्टांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलेला. हातात घेतला तर आश्चर्य वाटावं इतका हलका. कॅटलॉगात लिहिलं होतं की आमच्या इंजिनावर बसेल, पण भोकं थोडी चुकत होती. बंदरावरच्या कारखान्यात नेऊन मी ती कानसून घेतली. पॅकिंग आम्हीच जाड पुठ्ठ्यातून कापलं. बसवायचं काम मांगरात काही दिवस चाललं. त्या दिवसांत भावोजी जेवायला वेळेवर येत, झोपतही असत. एकदा ते काम करताना काहीतरी गुणगुणत होते आणि आपणच दचकून थांबले.

गाडी चालू केली तेव्हा तिचा आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वी ती तडतडायची, आता भरदार, खालच्या पट्टीत बोलायला लागली होती. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर करत आम्ही तो आवाज जुळवत बसलो होतो. मागे बघितलं तर आई मांगराच्या दारात उभी. दीड-दोन वर्षांत ती मांगराच्या त्या बाजूला आली नव्हती.

तिनं विचारलं की आता ही घाट चढणार का. म्हणजे तिला माहीत होतं. पडवीत आम्ही बोललो तेव्हा ती विहिरीवर नव्हती, की भावोजींनी तिला वेगळं सांगितलं होतं, ते मला अजून माहीत नाही.

चढेल, असं भावोजी म्हणाले. उद्या मी आणि हा जाऊन बघतो.

'तो नको,' आई म्हणाली. 'माका घेवन चला. तेवा माका जागा नव्हती. आता आसा.'

दुसऱ्या दिवशी आई आंघोळ करून, नेसायचं ठेवणीतलं पातळ नेसून गाडीत बसली. खाली वाकून आत शिरताना तिला त्रास झाला. मी तिचा हात धरला. मांडीवर तिनं पिशवी घेतली होती आणि पिशवीत पाण्यानं भरलेला तांब्या होता. गाडी गेली आणि मी एसटीनं फोंडाघाटला जाऊन बाजारात थांबलो. एका हॉटेलात बसून चहा मागवला आणि तो तसाच निवला. घाटातून उतरणारी प्रत्येक गाडी बघत होतो. आवाज आधी ऐकू आला. खालच्या पट्टीतला.

भावोजी गाडीतून उतरून सरळ हॉटेलच्या मागे तोंड धुवायला गेले. आईनं मला सांगितलं, तेही थोडक्यात. गाडी कुठेही न थांबता, ट्रकांच्या मागून, सावकाश, सबंध घाट चढली. वर पोचल्यावर भावोजींनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. ते रडले नाहीत, म्हणाली. उतरताना तिनं त्यांना ती जागा दाखवायला सांगितलं, पाणी संपलं ती. त्यांनी गाडी बाजूला घेतली. दोघं कठड्यावर बसली. आईनं पिशवीतलं पाणी तिथे मातीत ओतलं.

'आणि मी तेंका सांगितलंय,' आई म्हणाली, 'तुमी आता लगीन करा.'

भावोजींच्या आईनं त्यांच्यामागे लग्नाचा तगादा लावला होता हे आम्हाला माहीत होतं. प्रत्येक सुट्टीत ते नाही म्हणत आणि आमच्याकडे निघून येत. खरं तर आम्हाला त्याचं बरं वाटत असे. ताई गेल्यावर तिच्याविषयी आम्हाला सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस आमच्या पडवीत बसत होता. ते लग्न करतील त्या दिवशी तो आमचा राहणार नाही, हे आईला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

'तेंनी काय म्हटला?' मी विचारलं.

'काय नाय. माझो तांब्यो घेतल्यानी आणि गाडीत ठेवल्यानी.'

वर्षभरात त्यांचं लग्न झालं. कणकवलीकडची मुलगी होती. लग्नाला आम्हाला बोलावलं होतं. आम्ही गेलो नाही, जाणं बरं दिसलं नसतं. नंतर ती दोघं एकदा आमच्याकडे येऊन गेली. मुलगी चांगली होती, शांत. ताईच्या तसबिरीसमोर ती आपणहून उभी राहिली आणि तिनं हात जोडले. आईनं तिची ओटी भरली, खण-नारळ घातला, डोक्यावरून हात फिरवला. जेवताना तिला आग्रह केला. भावोजी माझ्याशी हवापाण्याचं बोलले, लाँचींच्या इंजिनांचं बोलले. होडीकडे ते गेलेच नाहीत. निघताना मला म्हणाले, 'गाडी तू ठेव रे.'

त्यांची टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर आई माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. संध्याकाळी दिवा मी लावला.

त्यानंतर ते आले नाहीत. पहिल्या वर्षी बोटीवरून एक भेटकार्ड आलं, मग तेही नाही. मी त्यांना दोष देत नाही. नव्या बायकोला घेऊन जुन्या सासुरवाडीला किती वेळा जाणार माणूस? पण सुट्टीचे दिवस आले की आई मला विचारायची, 'तो इलो काय रे बोटीवरसून?' कुणाकडून तरी कळलेलं असायचं, मग मी सांगायचो, की आलेत, गावी आहेत. ती 'बरा' म्हणायची. त्या आठवड्यात घरात नारळाच्या वड्या व्हायच्या, त्यांना आवडायच्या त्या. त्या आम्हीच खायचो.

गाडी मी दोन पावसाळे राखली. खाऱ्या हवेनं तिचा पत्रा खायला सुरुवात केली. मला ती चालवायला नीट कधी जमलं नाही, आणि जमलं असतं तरी कुठे नेणार होतो? बेळगावच्या एका हौशी माणसाला ती विकली. त्यानं बॉनेट उघडून आत वाकून बघितलं आणि मला विचारलं की स्पोर्ट्स कारला हा असला मॅनिफोल्ड कुणी लावला. ह्यानं तिची सगळी धाव मारली आहे, तो म्हणाला. घरी नेल्यावर आधी हा काढून दोन कार्बोरेटरचा लावणार. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याला चांगला मेकॅनिक गाठा एवढंच सांगितलं. आई तेव्हा पडवीत कोकमं सोलत होती. गाडी फाटकाबाहेर पडली तरी तिनं मान वर केली नाही.

भावोजी मला शेवटचे भेटले ते तळेऱ्याला, एसटीच्या थांब्यावर. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सुटे भाग आणायला कणकवलीला निघालो होतो. ते थोडे सुटले होते, कानाजवळ केस पांढरे झाले होते. बायको समोरच्या दुकानात काहीतरी घेत होती. त्यांचं बोट धरून तीन-चार वर्षांची एक मुलगी उभी होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग गडबडल्यासारखा झाला. आईची चौकशी केली. मी सांगितलं, गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. गाडीचं त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. भावोजींनी तिला पुढे केलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

'मामा आसा तुझो,' ते म्हणाले. 'पाया पड.'

ती वाकली. तिचे छोटे हात माझ्या चपलांवर टेकले. मी तिला उचलून घ्यायला हवं होतं, पण तेवढ्यात देवगडची गाडी आली, माणसं धावली, भावोजींची बायको दुकानातून हाका मारायला लागली. येतो एकदा आईला भेटायला, असं ते गडबडीत म्हणाले. मी या म्हणालो. मुलगी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. मुलगी कोणासारखी दिसते, काळी की गोरी, केस कसे, अंगात काय घातलं होतं, सगळं तिनं विचारून घेतलं. मामा म्हणून पाया पडायला लावलं, हे मी तिला दोनदा सांगितलं.

'नाव काय तिचा?' तिनं विचारलं.

मी विचारलंच नव्हतं.

आईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

'नाव तरी इचारूचा होता रे,' ती म्हणाली.